सात नंबरच्या काड्या

"पिशवी उघडा, बाई," पोपट वॉचमन म्हणाला.

पारूनं पिशवी उघडून दाखवली. आत रिकामा डबा, पाण्याची बाटली आणि कामाचे जुने हातमोजे. हातमोजे कंपनीचे, म्हणून ते त्यानं काढून घेतले. हॉलंडवाल्यांच्या त्या गुलाबाच्या कंपनीत आम्ही पन्नास-साठ बाया कामाला होतो आणि रोज संध्याकाळी फाटकावर हा सोहळा व्हायचा. पोपट आमच्याच आळीतला, पण वॉचमनचा गणवेश चढवला की ओळखपाळख विसरायचा. केसात अडकलेली पाकळीसुद्धा त्याच्या नजरेतून सुटायची नाही.

"आन् पदरात काय बांधलंय?"

"ओटी हाय," पारूच्या मागून हौसा म्हणाली. "आज पारूचा शेवटचा दिवस. आम्ही समद्यांनी मिळून ओटी भरलीया तिची. तपासायची का तुला? तपास. भरल्या ओटीत हात घालणारा बाप्या कसा दिसतो ते आम्हालाबी बघू दे."

पोपट चांगलाच ओशाळला. "सुखानं जा, पारूबाई," म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं फाटक उघडलं.

पदर कमरेशी धरून पारू बाहेर पडली. पदरात नारळ होता, तांदूळ होते, खण होता, हळकुंड-सुपारी होती. आणि तांदळाच्या खाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, वीतभर लांबीच्या गुलाबाच्या काड्या होत्या. सात नंबरच्या घरातल्या. ही करामत हौसाची. घाबरायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी इमानानं करत होते. हमरस्त्याला लागेपर्यंत मी वळूनवळून फाटकाकडे बघत होते, आणि त्या दोघी मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. गुलाबाच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. तो सालीसकट अलगद काढायचा, रानगुलाबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि पट्टीनं बांधून टाकायचा. याला डोळा भरणं म्हणतात. एक डोळा जगला की एक झाड. पारूच्या पदरात त्या दिवशी अख्खी बाग होती.

हे काम आम्हाला शिकवलं हॉलंडहून आलेल्या यान साहेबानं. उंच, लालबुंद, उन्हानं नाक सोललेला माणूस. चिखलात आमच्याबरोबर उकिडवा बसायचा आणि आमची बोटं हातात धरून चाकू कसा फिरवायचा ते दाखवायचा. गावातल्या कुठल्या शिकलेल्या माणसानं आम्हाला इतक्या मनापासून काही शिकवलं नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण त्याला मराठी येत नव्हती आणि आम्हाला त्याची भाषा. काय करायचं ते हाताकडे बघून कळायचं. कशासाठी करायचं ते विचारायची सोय नव्हती. प्रत्येक झाडानंतर चाकू मगातल्या पांढऱ्या औषधात बुडवायचा, असं त्यानं दाखवलं होतं. आम्ही बुडवत होतो. पात्याला गंज चढू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं.

आणि सात नंबरचं घर म्हणजे प्लास्टिकच्या छताखालचा अख्खा एक मळा. कंपनीत अशी बारा घरं होती. पारूनं नोकरी सोडली त्याच दिवशी सकाळी सात नंबरची झाडं मुळासकट उपटायचं काम निघालं होतं. फुलावर आलेली, टवटवीत झाडं. आमचे देवस्थळी साहेब, जे यान साहेबाचे हुकूम तेवढे आम्हाला मराठीत सांगायचे, ते बांधावर उभे होते.

"साहेब म्हणतात, सगळं जाळायचं."

"का ओ?" हौसानं विचारलं. "चांगली हायेत की झाडं."

"सांगितलंय तेवढं करा."

"कळलं कशापाई ते," हौसा माझ्या कानात पुटपुटली. "दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. मेले, देणार नायत आणि ठेवणारबी नायत."

तिचं म्हणणं आम्हाला पटलं, कारण तसं आधी घडलेलं होतं. भाव पडला की कंपनी उरलेली फुलं खड्ड्यात लोटून त्यावर रॉकेल ओतायची. पुण्याच्या बाजारात स्वस्तात जायला नकोत म्हणून. चार फुलं देवाला मागितली तर दिली नव्हती. तेव्हा ही झाडंही त्याच खोडीपायी जाळत असणार, यात कुणालाच शंका आली नाही.

पारूला नोकरी सोडायची हौस नव्हती. तिचा नवरा मुंबईला गोदीत, वर्षातून एकदा गणपतीला उगवायचा. गावची जमीन दोघा भावांची, आणि थोरला दीर दत्तू, ती पुण्याच्या एका बंगलेवाल्याला विकायच्या मागं लागलेला. धाकट्या भावाची, म्हणजे पारूच्या नवऱ्याची, सही त्याला चहाच्या कपावर मिळाली असती. पारू त्याच्या पाया पडली होती. पवना नदीच्या काठचा तो तुकडा एवढंच तिच्या पायाखाली होतं.

"मला तुझ्याशी वैर नाय," दत्तूदादा बांधावर उभं राहून तिला म्हणाला, तेव्हा मी तिथं होते. "रिकाम्या जमिनीसाठी मी पार्टीला किती थांबवू? हितं काही उभं राहिलं, तर ही जमीन तुझी. मी परत नाव काढणार नाय. नाय राहिलं, तर सही."

"उभं राहील," पारू म्हणाली.

त्यापायी तिनं नोकरी सोडली, आणि उभं केलं. बांबूचं घर, वर प्लास्टिक. खुंट तिनं डोंगरातून आणले. डोळे भरायला मी आणि हौसा सुट्टीच्या दिवशी जायचो. चिरा देता देता मी विचारलं, "चाकू बुडवायचं ते पांढरं औषध कुठाय?"

"ते मी कुठनं आणू? हळद लावते. आपलं बोट कापलं तर हळदच लावतो की आपण."

ती प्रत्येक चिरेवर बोटानं हळद लावायची. तान्ह्या पोराची बेंबी पुसावी तशी. आम्हीही लावायला लागलो.

पहिला बहर आला तेव्हा बांबूच्या त्या घरात उभं राहून पारू रडली. मीही रडले. हौसा म्हणाली, "रडता काय बयांनो, कापायला लागा, लग्नसराई हाय." दत्तूदादा येऊन बघून गेला. एक फूल हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि त्यानं बंगलेवाल्याला परत पाठवलं. पारूची जमीन वाचली असं आम्ही धरून चाललो.

मग बाया यायला लागल्या. आधी गावातल्या, मग शेजारच्या, मग ज्यांची गावं आम्ही नुसती एसटीच्या पाटीवर वाचलेली तिथल्या. पारूनं कुणाला नाही म्हटलं नाही. काड्या दिल्या, समोर बसवून डोळा भरायला शिकवलं. यान साहेबानं तिची बोटं धरली होती तशी ती दुसऱ्यांची धरायची. हौसानं नोकरी सोडली आणि माहेरी भावांच्या रानात स्वतःचं घर उभं केलं. पुण्याहून एक प्राध्यापक हे सगळं बघायला आले. ते म्हणाले, परदेशी भांडवल आलं की नुसता कारखाना येत नाही, त्याबरोबर विद्या येते आणि ती भिंतीतून बाहेर झिरपते.

"झिरपली बिरपली नाय, सर," हौसा म्हणाली. "आम्ही वाहून आणली."

प्राध्यापक खूश होऊन ते लिहून घ्यायला लागले. पारू त्या दिवशी जितकी हसली तितकी पुन्हा हसलेली मी पाहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिची झाडं बसायला लागली. पानं पिवळी, फांद्या आखूड, फुलं बोराएवढी. पारूनं शेण घातलं, राख घातली, मासळीचं पाणी घातलं, देवऋषीलाही विचारून झालं. शेवटी एका झाडाच्या बुडाची माती तिनं हातानं उकरली. जिथं आम्ही डोळा भरला होता तिथंच, सुपारीएवढी, खडबडीत गाठ. शेजारच्या झाडालाही होती. त्याच्या शेजारच्यालाही.

मी अजून कंपनीत होते. देवस्थळी साहेबांना मी गाठून सांगितलं, आणि ते रविवारी स्कूटरवरून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खाली बसून एक झाड उपटलं, आणि गाठ नखानं कुरतडली.

"या काड्या कुठून आणल्या होत्या, पारूबाई?"

पारूनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सात नंबरमधनं."

देवस्थळी साहेबांनी चष्मा काढला. "हा रोग होता म्हणूनच तर सात नंबर जाळलं. गाठीचा रोग. सगळ्या झाडांत नव्हता, पण कुठल्या झाडात आहे ते वरून दिसत नाही. एखाद्यात वर्ष-दीड वर्ष दडून राहतो. चाकूनं एका झाडातून दुसऱ्यात जातो. म्हणून ते औषध."

"आम्ही हळद लावत होतो," मी म्हणाले.

"हळदीनं काही होत नाही याला."

पारू अजून जमिनीवरच बसली होती. "हौसानं इचारलं होतं तुम्हाला. बांधावर. का जाळायचं म्हणून इचारलं होतं. मी तिथंच होते."

"सांगायची मनाई होती. कंपनीत रोग आहे हे बाहेर फुटलं असतं तर परदेशातल्या व्यापाऱ्यांनी फुलं घेतली नसती."

"आम्ही व्यापारी हाय व्हय?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला त्यांची दया आली, आणि त्यांच्या थोबाडीत मारावी असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, खोटं कशाला सांगू. उठताना त्यांनी उरलेलं सांगितलं. झाडं मुळासकट जाळायची. आणि या मातीत आता काही वर्षं गुलाब लावायचा नाही, कारण रोग मातीतही राहतो.

"किती वर्षं?"

"बरीच."

पारूनं आपलं घर स्वतः जाळलं. बांबूही ठेवले नाहीत. दत्तूदादा धूर बघून आला, राखेकडे पाहून चुकचुकला आणि परत गेला. बंगलेवाल्याला त्यानं निरोप धाडला, याबद्दल मी त्याला दोष देत नाही. त्यानं शब्द दिला होता आणि तो शब्दाप्रमाणे वागला. मोजणीवाले येऊन खुणेचे दगड रोवून गेले त्या दिवशी पारू माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"जमीन गेली ती गेली, सिंधू. पण मी ज्यांना ज्यांना काड्या दिल्या, त्यांच्याबी जमिनी हायेत. चल माझ्याबरोबर."

आम्ही पहिल्यांदा हौसाकडे गेलो. ती आम्हाला लांबूनच बघून धावत आली, पारूच्या गळ्यात पडली, तिच्या जमिनीसाठी हळहळली. तिच्या घरातले गुलाब फुलांनी वाकलेले होते. पारूनं सगळं सांगितलं. मग खाली बसून एका झाडाच्या बुडाची माती सारली आणि वाटाण्याएवढी गाठ दाखवली.

हौसानं वाकून पाहिलं. "खोड जोर धरतंय."

"जोर नाय. रोग हाय. समदं जाळावं लागंल, हौसा."

"फुलावर आलेलं जाळू?"

"माझंबी फुलावर आलं होतं."

हौसा सरळ उभी राहिली. तिचा तो हसरा चेहरा असा बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "तुझं गेलं, पारू, त्याचं मला लई वाईट वाटतं. पण तुझं गेलं म्हणून माझं जाळायला आलीस? कंपनीनं तरी निदान सवताचंच जाळलं होतं."

"हौसा, असं बोलू नगंस," मी म्हणाले.

"का नगं? मी म्हणत होते तवा पटत होतं की तुम्हाला. दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून जाळत्यात. आता माझ्याच दारात ते चालू झालं, तर मी म्हणू नगं?"

पारूनं वाद घातला नाही. "तू कुणाला काड्या दिल्यास?" एवढंच विचारलं.

"दिल्या की. तू देत होतीस तशाच. घाटाखालच्या बाया आल्या होत्या, धरणापलीकडच्या आल्या होत्या. डोळा भरायलाबी मीच शिकवलं."

"त्यांनी म्होरं कुणाला दिल्या?"

"मला काय ठावं? विद्या हाय ती. अशी कुणी धरून ठेवतं का?"

हे ती आढ्यतेनं म्हणाली. पारू घाटाखालचं, धरणापलीकडचं असं बोटांवर मोजायला लागली, तेव्हा मला कळलं की तिला त्यात विद्या नाही, रोग पसरताना ऐकू आला होता.

त्यानंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गावोगाव हिंडलो. कुठं चहा मिळाला, कुठं कुत्री अंगावर आली. एका ठिकाणी बाईच्या नवऱ्यानं विचारलं की कंपनीनं किती पैसे दिले हे सांगत फिरायला. कुणीही एक झाड उपटलं नाही. पारू प्रत्येक ठिकाणी तेच सांगायची, त्याच शब्दांत, आवाज न चढवता, आणि निघताना विचारायची की तुम्ही पुढं कुणाला दिल्या. मला वैताग यायला लागला होता. "जाऊ दे मरू दे," मी म्हणायचे. ती पुढं चालायची.

धरणापलीकडच्या एका वाडीवर आम्ही पोचलो. तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. टेकाडाच्या उतारावर एक छोटंसं बांबूचं घर होतं आणि आत एक तरणी बाई उकिडवी बसून डोळे भरत होती. नाव कौसल्या. आम्ही दारात उभ्या राहून तिच्या बोटांकडे बघत राहिलो. चाकू धरायची ती तऱ्हा, सालीखाली पातं सरकवताना मनगट वळवायची ती लकब. यान साहेबाचा हात, तिथून पारू-हौसाचा, आणि आता हा.

"शिकायला आलात का?" तिनं हसून विचारलं. "बसा. अवघड काय नाय. पारूबाई म्हणून एक हायेत तिकडं पवनेकडं, त्यांची पद्धत हाय ही."

"हीच ती पारूबाई," मी म्हणाले.

कौसल्या उठली आणि डोक्यावर पदर घेऊन पारूच्या पाया पडली. घोंगडी अंथरली. तिचा नवरा दुसरी बायको करून बसला होता. सासऱ्यानं हा उतार तिला दिला होता, पोटापुरतं काढ म्हणून. पहिली फुलं नुकतीच बाजारात गेली होती. हे सगळं तिनं आनंदानं सांगितलं.

पारूनं ऐकून घेतलं. मग उठून एकेका झाडाच्या बुडाशी माती सारून बघत गेली. मीही बघितलं. एकालाही गाठ नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणाले, "हितं नाय, पारू. चल आता."

पारूनं हातावरची माती झटकली. "दडून राहतो," ती म्हणाली. मग तिनं कौसल्येला समोर बसवून सांगितलं. सात नंबरचं घर, गाठीचा रोग, चाकू, माती. काही लपवलं नाही. आज गाठ दिसत नाही हेही सांगितलं, रोग असेल किंवा नसेल हेही सांगितलं. "असला, तर ही जमीनबी जाईल. आत्ता जाळलंस तर माती वाचंल."

बाकीच्या बायांनी जे विचारलं होतं त्यातलं काहीच कौसल्येनं विचारलं नाही.

"समदी?" एवढंच म्हणाली.

"समदी."

"तुम्ही सांगताय म्हंजे खरंच असंल." तिनं पदर खोचला आणि पहिलं झाड स्वतःच्या हातानं उपटलं.

आम्ही तिघींनी मिळून ते घर रिकामं केलं. प्रत्येक झाड वर आलं की पारूची नजर मुळाकडे जायची. माझीही. मुळं स्वच्छ होती, पांढरी, ओल्या मातीचा वास येणारी. अर्ध्यावर आल्यावर कौसल्या हलकेच म्हणाली, "मावशी, एकालाबी नाय निघाली गाठ." पारू म्हणाली, "उपट." तिचा आवाज मला ओळखू आला नाही. शेवटच्या झाडालाही काही निघालं नाही. ढीग रचला आणि कौसल्येनंच काडी लावली. ओली झाडं लवकर पेटत नाहीत, धूरच फार होतो. तिघींचे डोळे वाहत होते, त्यात कुणाचं रडणं होतं आणि कुणाचा धूर, ते निवडता आलं नसतं.

आम्ही निघालो तर कौसल्येनं वाट अडवली. उपाशी जाऊ देणार नाही म्हणाली. तिनं चूल पेटवली, नाचणीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि आधी आम्हाला वाढलं. पारूनं पानातलं सगळं संपवलं. मी भाकरी पिठल्यात नुसती फिरवत बसले.

आम्ही उतरणीला लागलो. मागं धूर अजून दिसत होता. मी काहीतरी समजुतीचं बोलायचं म्हणून म्हणाले की निदान एकीनं तरी आपलं ऐकलं.

पारू थांबली. "एक तरी गाठ निघायला पाहिजे होती, सिंधू," ती म्हणाली.

त्यानंतर ती कुठल्याच गावाला गेली नाही.